अंतर ठरवायचा हक्क पक्ष्याचा

गरुडाचा किंवा ससाण्याचा फोटो कुठेही पाहा, त्याखाली एक ओळ हमखास असते: ‘फुल फ्रेम, नो क्रॉप’. म्हणजे फोटो कापून मोठा केलेला नाही, पक्षी खरोखरच एवढा जवळ होता. पुढची सगळी शाबासकी त्या ओळीला मिळते. पक्षी काय करत होता, कशावर बसला होता, त्याच्या भोवती काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. डोळ्यातलं प्रतिबिंब दिसतंय का, चोचीवर लागलेलं रक्त दिसतंय का, मानेवरचं पीस न् पीस सुटं दिसतंय का, यावर फोटोचं मोल ठरतं. शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रणातली ही मोजपट्टी मला घातक वाटते. घरट्यावर जाऊन काढलेले आणि जिवंत आमिष टाकून मिळवलेले फोटो स्पर्धांनी घेऊ नयेत, मासिकांनी छापू नयेत आणि आपणही पुढे पाठवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पक्षी स्वतःहून जवळ आला तर गोष्ट वेगळी. पण मग तो कसा आला, हे सांगायची जबाबदारी फोटो काढणाऱ्याची.

हे शिकारी पक्ष्यांबद्दलच का, असं कोणी विचारेल. कारण त्यांची नजर. गरुडाची नजर माणसाच्या दुपटीहून तीक्ष्ण असते. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी बारीक पाहण्याची एकच जागा असते. गरुड-ससाण्यांच्या प्रत्येक डोळ्यात तशा दोन असतात. आपण झुडपाआडून वाकून, पोटावर सरपटत त्याच्याकडे निघतो तेव्हा आपण गाडीतून उतरलो त्या क्षणापासून त्यानं आपल्याला पाहिलेलं असतं. ‘लपतछपत जवळ गेलो’ ही भाषा इथे बहुतेक वेळा खरी नसते. आपण दिसत असूनही तो उडाला नाही, एवढंच खरं असतं.

मग तो का उडाला नाही? या प्रश्नापाशी थांबायला हवं, कारण उत्तर बहुधा त्या पक्ष्याच्या अडचणीत असतं. कधी त्याच्या पायाखाली मोठ्या कष्टानं मारलेली शिकार असते, आणि ती सोडून जाणं परवडणारं नसतं. कधी तो पहिल्याच वर्षाचा, घरट्यातून नुकता सुटलेला पक्षी असतो. माणूस म्हणजे काय हे त्याला अजून कळलेलं नसतं, आणि शिकारही नीट जमत नसते. कधी लांबचं स्थलांतर करून तो इतका थकलेला असतो की उडण्याचा खर्च टाळण्यासाठी धोका पत्करतो. कधी तो आजारी असतो, किंवा त्याला विषबाधा झालेली असते. दिवसा झाडाच्या ढोलीत बसलेल्या घुबडाचा सगळा भरवसा न हलण्यावर असतो, म्हणून ते आपल्याला पाहूनही हलत नाही. अंग चोरून, पिसं घट्ट करून लांबट होतं, डोळ्यांच्या फटी करतं. त्या लांबट झालेल्या घुबडाचे ‘काय गोड पोझ दिलीय’ म्हणून फिरणारे फोटो मी कितीतरी पाहिले आहेत. ती पोझ नसते. आणि सगळ्यात जास्त वेळा कारण असतं घरटं. अंडी किंवा पिल्लं खाली असताना पक्षी बसून राहतो, कारण उठला तर सगळंच जाऊ शकतं.

न उडणं म्हणजे शांत असणं, हा समज चुकीचा आहे हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. अंड्यांवर बसलेल्या पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा, माणूस बराच लांबून गेला तरी ठोके वाढत असल्याचं आढळलं. बाहेरून पाहणाऱ्याला पक्षी दगडासारखा स्थिर दिसत होता. गरुडाच्या अंगावर आपण ठोके मोजणारं यंत्र लावलेलं नसतं. म्हणून त्याच्या स्थिरतेचा अर्थ आपल्या सोयीनं लावू नये, एवढी सावधगिरी तरी बाळगायला हवी.

आता दुसऱ्या प्रकारच्या जवळिकीबद्दल. हिवाळ्यात भोवत्या जातीचे ससाण्यासारखे पक्षी रात्रीच्या मुक्कामासाठी उंच गवतात एकत्र उतरतात. त्यांचा रातथारा पाहायला मी एका संध्याकाळी गवताळ माळावर, त्या जागेपासून बराच लांब, एका बुटक्या झाडाला पाठ लावून बसलो होतो. तिपाई खाली घेतलेली, लेन्स आभाळाकडे. भोवत्या यायला अजून अवकाश होता. पाठीमागून वारा चिरल्यासारखा आवाज आला आणि एक सापमार गरुड समोरच्या वठलेल्या खोडावर उतरला. लांब पल्ल्याच्या लेन्सला जवळचंही एक किमान अंतर लागतं. माझ्या लेन्सला साधारण साडेचार मीटरच्या आतलं काही स्पष्ट दिसत नाही. गरुड त्याच्याही आत होता. फोटो हवा असेल तर मला मागे सरकावं लागलं असतं. मी सरकलो नाही.

त्यानं मला पाहिलंच. डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला, मग दोन्ही पिवळे डोळे सरळ माझ्यावर रोखून. एवढ्या जवळून त्याचं डोकं घुबडासारखं मोठं आणि गोल वाटतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. पायांवर पिसं नव्हती, जाड खवले होते. सापाशी झटापट करणाऱ्या पक्ष्याला ते चिलखतच. काही वेळानं त्यानं अंगभर पिसं फुलवून झटकली. ससाणे पाळणाऱ्यांच्या जुन्या परंपरेत पक्षी निर्धास्त असल्याची ही खूण मानतात. नंतर तो माझ्याकडे पाठ करून माळ न्याहाळू लागला. खाली गवतात त्याला काहीतरी दिसलं असावं. पंख उघडून तो वाऱ्यावर नुसता उचलला गेला आणि थोडं पुढे जाऊन हवेत एका जागी थरथरत राहिला, ही जात शिकार शोधताना राहते तसा. तिथून मी त्याचे फोटो काढले. ते साधे आहेत: फिकं आभाळ, त्यात एक पक्षी, खाली गवताची रेघ.

या भेटीचं मला जे मोल वाटतं ते सगळं एका गोष्टीत आहे: ती त्यानं ठरवली होती. खोड त्यानं निवडलं, मी तिथे बसलेलो असतानाही बसायचं त्यानं ठरवलं, आणि निघाला तोही त्याच्या कामानं. मी दोन पावलं त्याच्याकडे टाकली असती तर तेच अंतर, तोच पक्षी, तीच पिसं. पण घटना पूर्णपणे वेगळी झाली असती. फोटोत मात्र या दोन्ही घटना अगदी सारख्याच दिसतात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. पाहणाऱ्याला फोटोवरून कळत नाही की अंतर कोणी कमी केलं. त्याला फक्त कमी झालेलं अंतर दिसतं आणि तो टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांसाठी पुढच्या आठवड्यात दुसरा कोणीतरी पुढे सरकतो.

अशी भेट अनपेक्षित असते तेव्हा काय करावं, याचं शिक्षण आपण नव्या छायाचित्रकारांना देतच नाही. शटरस्पीड किती ठेवायचा, उडत्या पक्ष्यावर फोकस कसा टिकवायचा, हे तासन् तास शिकवतो. पक्षी अचानक जवळ उतरला तर उभं राहू नये, कॅमेरा झटक्यात फिरवू नये, सोबत्याला हाक मारू नये, हे कुणी सांगत नाही. पक्ष्याच्या अस्वस्थतेच्या खुणा तर त्याहून महत्त्वाच्या आहेत. पिसं एकदम अंगाला चिकटणं, मान ताणली जाणं, आपल्याकडे टक लावून पाहत राहणं, अंग पुढे झुकणं, उडण्याआधी विष्ठा टाकणं. ही शेवटची खूण तर छायाचित्रकारांना पाठ असते, कारण त्यानंतर लगेच उड्डाणाचा फोटो मिळतो. तीच खूण ‘आता थांब, मागे हो’ अशीही वाचता येते. आणि पक्षी डोक्यावर चकरा मारत एकसारखा ओरडू लागला, पाय खाली सोडून झेप घेऊ लागला, तर घरटं जवळ आहे आणि आपण नको तिथे उभे आहोत. त्या वेळी करण्यासारखी एकच गोष्ट असते: आलो त्या वाटेनं परत जायचं.

तसं न झाल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एरिक हॉस्किंग यांचं. हे ब्रिटिश पक्षी-छायाचित्रणातलं मोठं नाव. १९३७ मध्ये वेल्समध्ये ते टॉनी घुबडाच्या घरट्याचे फोटो काढत होते. अंधारात ते आपल्या लपणाकडे, म्हणजे लपून फोटो काढायच्या आडोशाकडे, परत गेले तेव्हा घुबडानं आवाज न करता झेप घेतली आणि त्याची नखं त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसली. तो डोळा गेला. पुढे कित्येक दशकं हॉस्किंग एका डोळ्यानं काम करत राहिले. पक्ष्यांच्या छायाचित्रणात इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, आणि त्या काळात घरट्यावर लपण बांधणं हीच सर्वमान्य पद्धत होती. त्या वेळच्या लेन्स आणि फिल्म पाहता दुसरा मार्गही फारसा नव्हता. आज तो आहे.

हॉस्किंग यांची गोष्ट सांगताना भर नेहमी माणसाच्या जखमेवर असतो. उत्तर गोलार्धातला गॉसहॉक हा शिकारी पक्षी घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर झेपावतो. दिल्लीतल्या घारींचा बारकाईनं अभ्यास झाला आहे आणि पिल्लं असताना त्यांचे माणसांवरचे हल्ले वाढतात असं त्यात दिसलं आहे. म्हणून मग ‘हेल्मेट घाला, चष्मा घाला’ असे सल्ले दिले जातात. मला हा सगळा सूर उलटा वाटतो. अशा भेटीत माणूस जखमी होणं फार क्वचित घडतं. पक्ष्याचं नुकसान नेहमी घडतं, फक्त आपण घरी गेल्यावर घडतं म्हणून दिसत नाही.

घरट्यावर काय होतं ते पाहा. पक्षी उठला की अंडी उघडी पडतात. थंडीत ती गार होतात, आणि उष्ण प्रदेशात भर उन्हात त्याहून लवकर निकामी होतात. कावळ्यांना माणसाच्या हालचालीवरून घरटं कळतं. माणूस पाठ फिरवतो आणि कावळा उतरतो. भोवत्या जातीचे पक्षी जमिनीवर घरटं करतात. त्यांच्याकडे जाताना गवतात पडलेली पायवाट रात्री कोल्ह्याला, मुंगसाला थेट घरट्याशी नेते. झाडावरच्या घरट्यासमोर फांदी आडवी येत असेल तर ती तोडली जाते. काही जण दोरीनं बाजूला बांधतात. ती फांदी पिल्लांवर सावली धरत होती, वरून जाणाऱ्या गरुडापासून त्यांना झाकत होती. नर शिकार घेऊन येतो, माणसं दिसतात म्हणून घिरट्या घालत राहतो आणि पिल्लांचा घास लांबतो. यातली एखादी गोष्ट एकदा घडली तर कदाचित निभावून जाईल. पण घरट्याचा पत्ता एकाला मिळाला की दुसऱ्या दिवशी चारचौघे येतात, आणि सुट्टीच्या दिवशी रांग लागते.

त्यात मोठ्या शिकारी पक्ष्यांची वीण मुळातच तोकडी. बहुतेक मोठ्या गिधाडांची मादी वर्षाला एकच अंडं घालते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तेव्हा फार उशीर झाला होता. अशा जातीचं एक अंडं एखाद्या फोटोसाठी धोक्यात घालणं कोणत्याही हिशेबात बसत नाही.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा कडक आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेही येतं. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानं सोनेरी गरुड, बहिरी ससाणा, गव्हाणी घुबड अशा कितीतरी जातींची खास यादी केली आहे. त्या पक्ष्यांना घरट्यावर किंवा घरट्याजवळ जाणूनबुजून त्रास देणं हा गुन्हा आहे, आणि घरट्यावर फोटो काढायचे तर परवाना लागतो. अमेरिकेत टकल्या गरुडासाठी १९४० पासून स्वतंत्र कायदा आहे. २००७ च्या तिथल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की विणीच्या काळात पायी फिरणाऱ्यांनीही घरट्यापासून साधारण १०० मीटर लांब राहावं. पण कायद्याला तक्रारदार लागतो, आणि जंगलात त्या क्षणी पक्षी आणि कॅमेऱ्यामागचा माणूस यांच्याखेरीज कोणी नसतं. शिवाय ‘त्रास’ सिद्ध कसा करणार? म्हणून मी कायद्यावर फार विसंबत नाही. फोटो छापणारा संपादक, बक्षीस देणारा परीक्षक आणि पाहून दाद देणारा प्रेक्षक यांच्या हातात त्याहून मोठी ताकद आहे. दाद मिळेनाशी झाली की ती वाट ओस पडते.

असं होऊ शकतं याला इतिहासात पुरावा आहे. ब्रिटनमध्ये एके काळी पक्ष्यांची अंडी गोळा करणं हा प्रतिष्ठित छंद होता. सुशिक्षित, निसर्गावर जीव असलेली माणसं कड्यांवर दोर लावून उतरत, बहिरी ससाण्याची अंडी काढत, आतला बलक फुंकून टाकत आणि कापसाच्या पेट्यांत कवचं मांडून ठेवत. पक्ष्यांवर आपलं प्रेम आहे म्हणूनच आपण हे करतो, असं त्यांना मनापासून वाटे. १९५४ च्या कायद्यानं बहुतेक रानपक्ष्यांची अंडी घेण्यावर बंदी आली. तरी चोरून गोळा करणारे पुढे कित्येक वर्षं होतेच. छंद खऱ्या अर्थानं मेला तो त्यातली प्रतिष्ठा गेल्यावर. आपल्या संग्रहातलं गरुडाचं अंडं पाहुण्यांना कौतुकानं दाखवता येईनासं झालं, तेव्हा.

इथे एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्याच अंड्यांच्या पेट्या पुढे बहिरी ससाण्याच्या कामी आल्या. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं जुन्या संग्रहातल्या कवचांची नव्या कवचांशी तुलना केली आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचं पातळ होत गेल्याचं १९६७ मध्ये दाखवून दिलं. मागे डीडीटी हे कीटकनाशक होतं. अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली, आणि पुढे ससाणा सावरला. तर मग आजचे घरट्यावरचे फोटो उद्या असेच उपयोगी पडणार नाहीत कशावरून? पडतीलही. पण नंतर योगायोगानं झालेला उपयोग आधीच्या कृतीचं समर्थन ठरत नाही. अंडी गोळा करणाऱ्यांनी कवचाची जाडी मोजण्यासाठी ती घेतली नव्हती. आज घरट्याचा अभ्यास करायचा असेल तर परवानगी घेऊन, प्रशिक्षित माणसांकडून, एकदाच बसवलेल्या स्थिर कॅमेऱ्यानं तो होतो, आणि त्यातले फोटो दिसायला अगदी सामान्य असतात. ते कुणी स्पर्धेला पाठवत नाही.

यापुढचा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि मी तो अनेक चांगल्या छायाचित्रकारांकडून ऐकला आहे: जवळून पाहिल्याशिवाय लोकांना पक्ष्याबद्दल प्रेम वाटत नाही, आणि प्रेम नसेल तर संवर्धन होत नाही. ऐकायला पटतं. पण शिकारी पक्ष्यांना खरोखर वाचवणारे फोटो कोणते, ते आठवून पाहा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या एका डोंगरकड्यावरून दर शरद ऋतूत हजारो ससाणे आणि गरुड दक्षिणेकडे जात, आणि बंदूकधारी लोक तिथे बसून केवळ मौज म्हणून त्यांना टिपत. १९३२ मध्ये रिचर्ड पॉ या तरुणानं तिथे मरून पडलेले पक्षी गोळा केले, जमिनीवर रांगेत मांडले आणि त्यांचे फोटो काढले. ते फोटो रोझली एज यांच्या पाहण्यात आले. १९३४ मध्ये त्यांनी तो डोंगर भाड्यानं घेतला, राखणदार नेमला आणि शिकारी पक्ष्यांसाठीचं जगातलं पहिलं अभयारण्य उभं राहिलं: हॉक माउंटन. पॉ यांच्या त्या फोटोंनंतर ८० वर्षांनी, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी जाळ्यांत अडकवून मारल्या जाणाऱ्या अमूर ससाण्यांचे फोटो आणि चित्रफिती जगापुढे आल्या. एका हंगामात मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज लाखाच्या वर होता. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी ही शिकार थांबवली. माणसांनी आपल्या उत्पन्नाचा मार्ग सोडून ससाण्यांना जाऊ दिलं, ही आपल्या काळातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टींपैकी एक आहे असं मला वाटतं.

या दोन्ही ठिकाणचे फोटो जवळच्या अंतरासाठी कुणाला आठवत नाहीत. त्यांत पापणीची कड दिसत नाही. त्यांत पक्ष्याचं काय होतंय ते दिसतं: जमिनीवरच्या रांगा, पाण्यावर ताणलेली जाळी, खांद्यावर टाकून नेलेल्या मोळ्या. रानपिंगळ्याचंही तसंच. १८८४ नंतर या घुबडाची एकही खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळच्या जंगलात दिसलं. ते खरंच रानपिंगळा आहे हे पटवायला ओळख पटेल एवढं चित्रण पुरलं. पक्षी मारावा लागला नाही, घरटं शोधावं लागलं नाही.

आमिषाबद्दल मात्र मला कसलीच सवलत द्यावीशी वाटत नाही, निदान जिवंत आमिषाबद्दल. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात उतरणाऱ्या हिमघुबडांसाठी छायाचित्रकार दुकानातून पाळीव उंदीर आणतात, बर्फावर सोडतात आणि घुबड पंख पसरून सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं येतं तो क्षण टिपतात. तो फोटो कसा काढला असेल हे अनुभवी माणसाला बहुधा ओळखता येतं: घुबडाची नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली असते, तिथे उंदीर असतो. घुबड हे लवकर शिकतं. रस्त्याकडेला थांबलेली गाडी म्हणजे अन्न, असं एकदा डोक्यात बसलं की ते गाड्यांकडे झेपावू लागतं, आणि रस्त्यावरच संपतं. ऑड्युबॉन या अमेरिकी संस्थेच्या छायाचित्रण-नियमांत ससाणे आणि घुबडं यांना जिवंत आमिष तर नाहीच, पण खोटा किंवा मेलेला उंदीरही दाखवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. आवाज वाजवून घुबडाला बोलावणं हेही त्याच पंक्तीतलं. विणीच्या दिवसांत स्पीकरवर दुसऱ्या नराचा आवाज ऐकून घरचा नर हद्द राखायला धावून येतो. ती धावपळ त्यानं शिकारीत घालवायला हवी होती.

मेलेल्या जनावरांचं मांस ठेवून चालवलेली गिधाडांची उपाहारगृहं, किंवा वेल्समधल्या गिग्रिन फार्मसारख्या लाल घारींच्या ठरलेल्या खाऊ घालण्याच्या जागा, यांना मी याच मापानं मोजणार नाही. तिथे अन्न पक्ष्याच्या गरजेसाठी असतं, विषमुक्त असतं, आणि लपणात बसलेला माणूस त्याच्या खिजगणतीतही नसतो. माझी कसोटी साधी आहे: उद्या जगातले सगळे कॅमेरे बंद पडले, तर ही गोष्ट पक्ष्यासाठी तरीही चालू ठेवली जाईल का? गिधाडांची उपाहारगृहं चालू राहतील. बर्फावर उंदीर सोडायला कोणी जाणार नाही.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. लांब राहा म्हणणं मोठी लेन्स परवडणाऱ्याला सोपं आहे. ज्याच्याकडे साधी ३०० मिलिमीटरची लेन्स आहे त्यानं काय करायचं? जवळ गेला नाही तर त्याचा पक्षी फोटोत ठिपक्याएवढा येतो, आणि मग कोणी पाहतही नाही. हा अन्याय आहेच, पण तो पक्ष्यानं केलेला नाही. तो ‘फुल फ्रेम’च्या हट्टानं केला आहे. कड्याच्या भिंतीवर एवढासा दिसणारा बहिरी ससाणा, खाली पसरलेली दरी, वर जमलेले ढग, असा फोटो लहान लेन्सनं उत्तम येतो. तो पक्षी जगतो कुठे हे त्यात कळतं, आणि कुठल्याही डोळ्याच्या क्लोजअपपेक्षा ते कळणं मला मोलाचं वाटतं. परीक्षकांनी असे फोटो निवडायला सुरुवात केली, तर महागड्या लेन्सवाल्याचा आजचा वरचष्मा आपोआप उतरेल.

स्पर्धांना हे करणं अवघड नाही. मोठ्या स्पर्धांनी सादर झालेल्या फोटोंची चौकशी करून, माणसाळलेला लांडगा किंवा पेंढा भरलेलं मुंगीखाऊ वापरल्याच्या निष्कर्षावर आधी दिलेली मोठी बक्षिसं परत घेतलेली आहेत. मूळ फाइल मागवायची पद्धत आहेच. तिच्यासोबत एक छोटं निवेदन मागावं: किती अंतरावरून, लपणातून की उघड्यावर, अन्न ठेवलं होतं का, आवाज वाजवला होता का, वीण चालू होती का, आणि फोटो झाल्यावर पक्ष्यानं काय केलं. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर फोटो काढून झाल्यावरही पक्ष्याकडे पाहत राहावं लागतं. खोटं लिहिणारे लिहितील. पण लिहिताना एकदा विचार करावा लागेल, आणि पकडलं गेलं तर निदान लेखी पुरावा असेल.

आपल्यासारख्या पाहणाऱ्यांनीही दोन गोष्टी आजपासून कराव्यात. दुर्मीळ शिकारी पक्ष्याचा फोटो टाकताना जागा लिहू नये, आणि फाइलमध्ये आपोआप नोंदवली गेलेली जीपीएसची खूण काढून टाकावी. ईबर्डसारखा नोंदींचा जागतिक मंच संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा सगळ्यांपासून झाकून ठेवतो, ते याचसाठी. आणि जवळचा फोटो दिसला की दाद देण्याआधी विचारावं: हा एवढा जवळ कसा आला? ज्याच्याकडे खरी गोष्ट आहे तो आनंदानं सांगतो, अगदी वारा कुठून होता तेसुद्धा. दोन-चार जणांनी हाच प्रश्न सतत विचारला तर गप्प बसणारे कोण आणि भरभरून सांगणारे कोण, हे त्या वर्तुळात फार लवकर सगळ्यांना कळतं.